बोटांना कळेना

रामवाडीच्या गॅरेजात सोमा गाडीला ओला पॉलिश पेपर मारताना डोळे मिटायचा. रंग किती उरलाय ते त्याच्या बोटांनाच कळायचं. आज गावातले दाजी जुनी लाल फियाट घेऊन आले.

"सोमा, माझ्या लेकीची, मैनाची पाठवणी हिच्यातून करायचीय. चमकव!"

"बॉनेटात बघून भांग पाडाल, दाजी!"

पेपर फिरत राहिला.

"अरं थांब! राखाडी दिसतंय!"

सोमाने डोळे उघडले. लाल रंग हातभर उडून खालचा राखाडी प्रायमर उघडा पडला होता.

"तुला कळलं नाय?"

सोमाने बोटं तिथे टेकवली. घासून घासून त्यांची टोकं गुळगुळीत झाली होती. गार पाणी तेवढं लागलं.

"दुसऱ्या कोणाकडं न्या, दाजी," तो हळूच म्हणाला. "मला आता नाय कळत."