तात्यांची तिरडी

गेल्या उन्हाळ्यात कन्हेरीच्या शिवारात एका वेब मालिकेतली अंत्ययात्रा निघण्याआधीच थांबली. मोबाइलवरच्या विनोदी व्हिडिओंवर वाढलेल्या बारामतीच्या कंपनीची ही पहिली मोठी मालिका होती. मुंबईच्या ॲपवाल्यांना शेवटचा भाग त्याच संध्याकाळी हवा होता, नाहीतर करार रद्द होणार होता. मी बातमीसाठी गेलो होतो.

मरणाऱ्या तात्यांचं काम करणारे गृहस्थ एरवी ट्रॅक्टर दुरुस्त करत. त्यांचं खरं नाव मला कळलं नाही. सगळे तात्याच म्हणत. ते तिरडीशेजारी उभे राहून मिशी कुरवाळत होते. त्यांच्या बायकोने तिरडीचा बांबू घट्ट धरला होता.

“जित्या माणसाला हितं निजवताय व्हय?”

“काकू, खोटं खोटं हाय ओ,” दिग्दर्शक म्हणाला.

“मग तुमी निजा.”

कोणी हसलं नाही. ऊन उतरत चाललं होतं.

“मरायला माझी ना न्हाय, सायेब,” तात्या म्हणाले, “पर संध्याकाळी जेवायला हिच्याच हातचं हाय.”

शेवटी पांढऱ्या कापडात उसाचं पाचट बांधून तिरडीवर ठेवलं. तोवर एक खांदेकरी कंटाळून निघून गेला होता. तात्यांनी टॉवेलने तोंड झाकलं आणि बायकोकडे पाहिलं. तिने बांबू सोडला.

भाग वेळेत मुंबईला पोचला. त्यात तिरडीला मागून डावा खांदा तात्यांचा आहे.