पोटॅशियमवर शिंपडलेलं पाणी

"तू दारापाशी थांब. पूजेपुरतं," सर म्हणाले.

खंडेनवमी होती. प्रयोगशाळेतल्या भट्टीला झेंडूची माळ घातली होती. भट्टी मी बांधलेली. तारा मी ओढलेल्या. हळदकुंकू लावताना मात्र मी नको.

"मी काही मानत नाही हं. पण पूजा घरच्यासारखी करतो आपण, तुला तर पत्ता आहे."

पत्ता होता, म्हणजे ठाऊक होतं. एकाच फौजेबरोबर आमचे दोघांचे पूर्वज दख्खनेतून ग्वाल्हेरला आले. त्यांचे दरबारातले शास्त्री. माझे घोड्यांची खोगिरं शिवणारे चांभार. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून सर खूश झाले होते. मग आडनाव विचारलं. त्यानंतर माझा चहाचा कप वेगळा झाला.

माझी पीएचडी पोटॅशियमवर. मऊ धातू, सुरीने कापावा. त्रेसष्ट अंशांच्या आसपास वितळतो. वितळताना त्याची घनता कशी बदलते, तो उष्णता किती धरतो, ते मी मोजत होते. वितळायला लागला की तापमान चढत नाही. खालून आच देत राहा, आकडा जागचा हलत नाही. सगळी उष्णता आत मुरते. शेवटचा कण वितळला की मगच आकडा चढतो. त्या कपातला चहा मी तशीच गिळत आले होते.

त्या सकाळी तुकडा तेलातून काढून माझ्या टेबलावर टिपकागदात ठेवला होता. जाता जाता म्हटलं, "सर, पोटॅशियम उघडं आहे. झाकू द्या."

"मला शिकवू नकोस. बाहेर हो."

दारातून दिसत होतं. सरांनी तांब्यात आंब्याची डहाळी बुडवली. भट्टीवर शिंतोडे उडवले. मग माझ्या स्टुलावर. मग माझ्या टेबलावर. जिथे जिथे माझा हात लागायचा तिथे. पोटॅशियमला पाणी चालत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं? त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्या हाताला वळण दुसरंच होतं.

फट्! जांभळी ज्वाळा. शेजारचं तेल पेटलं, माळ पेटली. सर भिंतीला चिकटले. कोरड्या वाळूची बादली घेऊन मीच धावले. मनगट भाजलं. पूजेचं ताट माझ्या पायाखाली आलं, तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही.

दुपारी सर किती गोड बोलले. "सांग ना, तुझ्या हातून पाणी सांडलं म्हणून. मी सांभाळून घेईन. पीएचडी करायचीय ना?"

करायची होती. टोपी बाजारात बाबांचं चपलांचं दुकान. येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगतात, "बिटिया डॉक्टर बन रही है."

संध्याकाळी विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "पानी किसने डाला?"

मी म्हणाले, "सर ने. जहाँ-जहाँ मैंने छुआ था, वहाँ."

मॅडमनी सरांसाठी पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं मार्गदर्शन सोडलं. दुसरं कुणी मार्गदर्शक व्हायला तयार नाही. भट्टीच्या खोलीला कुलूप आहे आणि माझं स्टूल वऱ्हांड्यात काढून टाकलंय. माफी माग, सुटशील, असं सगळे सांगतात. बाबा अजून गिऱ्हाइकांना तेच सांगतात, मी त्यांना थांबवत नाही.

माफी मागणार नाही. रोज सकाळी विभागात जाते. त्याच स्टुलावर बसते, कुलपाच्या समोर. माझी मोजणी आत अर्धी पडली आहे. ती पुरी होईपर्यंत मी इथून उठणार नाही.