झाकणाच्या आतला मासा

पडदा वर जातो तेव्हा समोर दिसते एक लांबट खोली. खाली कपडे धुण्याचं दुकान, त्यामुळे फरशी कायम कोमट. बत्तीस खुर्च्या, पण एकीसारखी दुसरी नाही. एका टोकाला टेबल, टेबलामागे लोखंडी कपाट आणि भिंतीवर एक खिळा. त्या खिळ्यावर घड्याळ असायला हवं, कारण ही खोली घड्याळजींच्या संघाची. पण ते मागंपुढं झालं तर हात कुणी घालायचा, यावर आजवर एकमत झालेलं नाही. त्यामुळे अख्ख्या शहराची वेळ सांभाळणाऱ्या या मंडळींची सभा अंदाजाने सुरू होते.

रविवार सकाळ. एक बुटके, गोल गृहस्थ खुर्चीवर चढून त्या खिळ्याला एक मोठा कागद अडकवताहेत. भिंग कपाळावर सरकवलेलं. हेच भिंगकाका, अकरा वर्षं संघाचे अध्यक्ष. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते भिंग कपाळावरच आहे. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, नवरीच्याही नाही. केसाएवढी स्प्रिंग पहिल्या फटक्यात चिमट्यात धरणाऱ्या काकांना आज एवढा कागद अडकवायला तिसरा प्रयत्न लागतोय. त्याला कारण आहे.

भिंगकाकांना ही विद्या त्यांच्या मामाने दिली. पहिलं वर्ष नुसते स्क्रू निवडण्यात गेलं. मामाचे नियम दोनच. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत तारीख आणि आपली खूण कोरायची, सगळेच घड्याळजी कोरतात तशी. आणि आत दुसऱ्याची खूण दिसली, तर त्याच्या कामाबद्दल गिऱ्हाइकाजवळ ब्र काढायचा नाही. भिंगकाकांनी आयुष्यभर दुसरा नियम जास्त पाळला. कुणाचं काही कळलं की ते त्यांच्या पोटात जायचं आणि तिथेच मुरायचं. म्हणून तर सगळ्यांनी त्यांना अध्यक्ष केलं आणि संघाच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात आली.

संघाचा एक निधी होता, डोळ्यांसाठी. घड्याळजीचे डोळे आधी दमतात, बाकीचा माणूस मागाहून. प्रत्येक जण दरमहा थोडं थोडं भरायचा आणि कुणाच्या डोळ्यांवर पडदा आला की शस्त्रक्रिया त्यातून व्हायची. फक्त एक अडचण होती. डोळे अधू झालेल्या घड्याळजीकडे घड्याळ देणार कोण? म्हणून मदत घेणारा प्रत्येक जण भिंगकाकांचा हात धरून म्हणायचा, "नाव बाहेर जाता कामा नये हं." भिंगकाका शब्द द्यायचे. कुणाला किती द्यायचं ते एकटेच ठरवायचे, एकटेच लिहायचे आणि वही कपाटात बंद व्हायची.

गेल्या वर्षीच्या सभेत पट्टेवाली उभी राहिली. घड्याळाचे पट्टे विकता विकता दुरुस्ती शिकलेली, संघातली सगळ्यात तरुण.

"काका, निधीत आहे किती आणि गेले कुणाला?"

"हिशोब चोख आहे गं."

"मग दाखवा की."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी."

"मूठ झाकलेलीच राहिली तर सव्वा लाख आहेत का ती रिकामी आहे, हे आम्हाला कळायचं कसं?"

कुणीतरी मागून पुस्ती जोडली, "अध्यक्षांच्या शटरला नवा रंग मात्र झकास लागलाय!" हशा पिकला. भिंगकाका हसले नाहीत. त्या वर्षी चौदा जणांनी वर्गणी थांबवली. हिशोब दिसेल तेव्हा भरू म्हणाले. अजून एक वर्ष असंच गेलं असतं तर पुढच्या माणसाच्या डोळ्यांना द्यायला निधीत काहीच उरलं नसतं.

घरी बायकोसमोर ते पहिल्यांदा फुटले. "वही दाखवली तर पाच जणांना दिलेला शब्द मोडतो. नाही दाखवली तर मी चोर!"

बायको शाळेत शिकवायची. तिने वह्या तपासता तपासता मानही वर केली नाही. "नावं झाका आणि बाकीचं दाखवा. मीही मुलांचे गुण क्रमांकाने लावते."

भिंगकाकांना एकदम सुचलं. क्रमांक कशाला, खुणा आहेतच की! तीन संध्याकाळी बसून त्यांनी कागद तयार केला. तारीख, कारण, रक्कम, मंजुरी, आणि नावाच्या जागी त्या त्या माणसाची झाकणातली खूण: चौकोनातलं टिंब, दोन आडव्या रेघा, विळा, शिडी आणि एक छोटा मासा. सगळं उघड आणि नाव एकही नाही. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की कागद बायकोला दाखवायचंही विसरले.

तर तो कागद आता खिळ्यावर आहे. मंडळी उठली, चष्मे पुसून जवळ आली. वाचलं. आणि एकेक जण मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. कुणी बुटांकडे बघू लागला, कुणी छताकडे.

भिंगकाकांना ती शांतता कळायला एक क्षण लागला. कळली तेव्हा पायाखालची फरशी कोमटची गार झाली. ही सगळी माणसं रोज एकमेकांची झाकणं उघडणारी! त्या खुणा त्यांना सख्ख्या भावाच्या सहीपेक्षा जास्त पाठ होत्या.

मधल्या रांगेतून लंबक उठला. उंच, हडकुळा, चालताना आणि मत देताना दोन्ही बाजूंना झुलणारा. आज मात्र ताठ.

"भिंग्या, मासा माझा आहे. तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग?"

"मला वाटलं, खुणेवरून कोण ओळखणार?"

"कोण ओळखणार?" मागून घंटाघरवाला गरजला. चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला तीस वर्षं किल्ली देणारा, आवाजही तसाच. "अरे, आम्ही इथे काय भाजी विकायला बसलोय?"

हसावं की नाही, कुणाला कळेना. भिंगकाका खुर्चीवरून खाली उतरले. "चुकलो. शब्द मोडला तो मोडलाच. लंबका, माफ कर."

"माफ करून काय होणार? उद्या दुकानात कोण येणार माझ्या?"

"आधी खाली बस," घंटाघरवाला म्हणाला. "आम्हाला काय आज कळलंय? तीन वर्षं झाली."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या माशाने. त्याची शेपूट डोक्यावर यायला लागली होती."

पट्टेवाली हळूच म्हणाली, "माझ्याकडच्या एका झाकणात तर त्याला डोळाच नव्हता, लंबककाका. वर्षभराने डोळा पुन्हा दिसला. मी म्हटलं, बरं झालं, शस्त्रक्रिया झाली वाटतं."

लंबक सगळ्यांकडे बघतच राहिला. "आणि कुणीच काही बोललं नाही?"

"तू सांगितलं नाहीस," घंटाघरवाला म्हणाला. "आम्ही कशाला विचारायचं? आणि गिऱ्हाईक काय झाकण उघडून मासा बघतं होय? उलट भिंतीवरची मोठी घड्याळं तेवढं वर्ष तुझ्याकडेच धाडत होतो आम्ही. मोठे काटे, मोठी चाकं."

"ती तुम्ही धाडलीत? मी तर घरी सांगायचो, भिंतीच्या घड्याळांत माझा हात धरणारा शहरात कुणी नाही म्हणून!"

आता मात्र खोली हसली. लंबकही खाली बसून, तोंडावर रुमाल धरून हसला. रुमाल डोळ्यांपर्यंतही गेला, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

हसू ओसरल्यावर पट्टेवालीने कागदावर बोट ठेवलं. "आता हा मंजुरीचा रकाना. पाचही ठिकाणी तुम्हीच, काका. पैसे जागच्या जागी आहेत, बेरीज मी दोनदा केली. पण उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर?"

भिंगकाकांना ते लागलं. अकरा वर्षं नाकावर माशी बसू दिली नव्हती. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"किल्ली राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "सह्या तेवढ्या तीन हव्यात. आणि कागद दर सहा महिन्यांनी, क्रमांक घालून."

भिंगकाकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून तो रकाना पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हे मलाच सुचायला हवं होतं," आणि हात वर केला. बाकीचे हात त्यांच्या मागून. लंबकाचा नेहमीप्रमाणे अर्ध्यात अडकला, मग तोही वर गेला. चौदांपैकी बारा जणांनी तिथेच वर्गणी भरली. शटरच्या रंगावरून बोललेल्याने सगळ्यात आधी.

खोलीला कुलूप लावून दोघे म्हातारे जिना उतरत होते. लंबक एक पायरी खाली, कठड्याला धरून. मध्येच थांबून त्याने विचारलं, "खरं सांग, माझा मासा इतका वाईट झाला होता?"

"मासा?" भिंगकाका म्हणाले. "अरे, मला तर सहा महिने वाटत होतं, तू खूण बदलून बेडूक काढायला लागलास."