देवजीच्या शेतातलं विमान

आमच्या नाटक कंपनीचा तळ मुरबाडला होता, तेव्हा मला जयराम पहिल्यांदा भेटला. साल चौतीस असावं. मी नायिकेच्या भूमिका करायचो, आणि वय असं वाढलं होतं की चेहऱ्यावर उजेड जरा कमीच बरा. हे सगळ्या कंपनीत फक्त जयरामने ओळखलं. तो बत्त्या सांभाळायला ठेवलेला विशीतला गडी. माझा प्रवेश आला की डावीकडची बत्ती न सांगता थोडी उतरवायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीही कधी विषय काढला नाही.

बोलपट आले आणि कंपनी बंद पडली. मी सापगावात एका चाहत्याने दिलेल्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. जयरामचं गाव तिथून दीड कोसावर, मुरबाडच्या रस्त्याला. लढाई लागली तेव्हा तो आसामात विमानतळावर कामाला गेला. विमानात वायरलेस बसवायचा, आणि पुढच्या-मागच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून तारा ओढायच्या, हे त्याचं काम. इंटरकॉम हा शब्द मी त्याच्याच तोंडून प्रथम ऐकला.

लढाई संपायच्या आदल्या वर्षी, श्रावणात, इकडे त्याची बायको धोंडूबाई तापाने गेली. पत्र पोहोचून, सुट्टी मिळून तो घरी आला तेव्हा दिवाळी उलटली होती. जातीची बैठक भरली होती. तिथे उभा राहून तो म्हणाला, "तापलेली बाई तुमाला शहापूरला दवाखान्यात नेता आली नाय. तुमी मारलीत तिला."

बैठकीने खुलासा केला नाही; एवढंच सांगितलं, पंचांपुढे नारळ ठेव आणि शब्द मागे घे. त्याने घेतला नाही. त्या दिवसापासून जयराम वाळीत. त्याला विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, समोरासमोर एक शब्द बोलायचा नाही.

सुट्टी संपवून तो आसामला गेला, आणि लढाई संपल्यावर परत आला, ते त्याच रिकाम्या घरात. मी परजातीचा, मला बंदी नव्हती. आठवड्यातून एकदा जायचो. तो चहा करायचा, दोन कप मांडायचा. मी नसलो तरी दोन मांडतो, हे मला एकदा अवेळी गेल्यावर कळलं.

"जयराम, मुंबईला जा रे. तुझ्या हातात कसब आहे. इथं भिंतींशी किती दिवस बोलशील?"

"मास्तर, जाईन. पण ती गेली तवा दादा तिच्यापाशी होता. काय झालं, काय बोलली, तेवढं त्याच्या तोंडून कळू दे."

दादा म्हणजे थोरला भाऊ देवजी. अंगणापलीकडेच त्याचं घर. पण देवजीची मुलगी चंद्रकला लग्नाची होती. भावाशी बोलला असता तर तोही वाळीत पडला असता आणि पोरीला कोणी उंबऱ्यात घेतलं नसतं. दोघे भाऊ एका विहिरीच्या वाटेवर एकमेकांना ओलांडून जायचे. मी रंगभूमीवर पुष्कळ विरह रंगवले. त्या वाटेवरचं मुकाट चालणं मला एकदाही साधलं नसतं.

सेहेचाळीसच्या मार्गशीर्षात एक लहानसं विमान इंजिन बिघडून देवजीच्या शेतात उतरलं. भात कापून झालं होतं, शेत कोरडं होतं, म्हणून निभावलं. विमान दोन बैठकींचं, एकीमागे एक. चालवणारे पारशी साहेब आगगाडीने मुंबईला गेले आणि दोन मिस्त्री घेऊन आले. इंजिन चौथ्या दिवशी गुरगुरलं. पण मधल्या काळात गावाने एक पाहुणचार केला होता. रात्री दव फार पडतं, विमानाला गारठा लागेल, म्हणून बायाबापड्यांनी ते चाकापासून शेपटापर्यंत भाताच्या पेंढ्याने झाकून ठेवलं. पेंढ्यात उंदीर आले, आणि उंदरांनी आतल्या तारा कुरतडून टाकल्या. वायरलेस मुका, इंटरकॉम मुका.

मिस्त्री इंजिनातले. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"माणूस आहे इथं," मी म्हणालो.

साहेबांनी मुंबईहून नव्या तारांची गुंडाळी आणवली आणि जयराम कामाला बसला. तारांच्या जोडांना डाग द्यायची सळई तापवायला विस्तव हवा. गावातून मिळणार नव्हता, म्हणून मी सापगावहून माझी शेगडी डोक्यावर घेऊन गेलो. दोन दिवस तो त्या विमानाच्या पोटात डोकं घालून होता. एकेक तार मेण लावलेल्या दोऱ्याने चार-चार बोटांवर गाठ मारत बांधायचा. इंजिनाच्या तारांपासून ती लांब ठेवायची, नाहीतर कानात नुसती खरखर येते, असं मला समजावून सांगायचा. वाळीत पडल्यापासून मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वायरलेस खाकरला. राहिला इंटरकॉम. त्याची परीक्षा एकट्याने होत नाही. एकाने पुढे बसायचं, एकाने मागे. साहेब शहापूरला तार करायला गेलेले, मिस्त्री जेवायला. बघायला गाव सगळं लोटलेलं, पण जयरामशी बोलणार कोण?

"मी बसतो," म्हणालो. मागच्या बैठकीत चढलो, माइकचं बटण दाबलं आणि सवयीने छाती भरून बोललो.

पुढच्या बैठकीतून जयराम वळला. "मास्तर, हे सापगावातपण ऐकू गेलं. तारेतून आलं का वाऱ्यातून, मला कसं कळनार?"

"हळू बोलतो."

"तुमचं हळू मला ठाव हाय. शेवटच्या रांगेत जातं ते."

लोक हसले. बांधावरून गावातली जनाबाई ओरडली, "देवजीला बसवा रं! त्याचा आवाज त्याच्या बैलांनापण ऐकू जात नाय. आन् शेत त्याचंच अडलंय, वाल कधी पेरायचा त्यानं?"

"कसा बसंल?" पंचांतले लडकूबाबा म्हणाले. "बंदी हाय."

मी विमानाच्या पायरीवर उभा राहिलो. बऱ्याच वर्षांनी समोर प्रेक्षक होते. "लडकूबाबा, नाटकात स्वगत असतं. पात्र मोठ्याने बोलतं, शेजारच्याला ऐकू येत नाही असं आपण धरतो. देवजी यंत्राशी बोलेल. पाठ दिसेल त्याला जयरामची, तोंड नाही. मग समोरासमोर कसं झालं?"

लडकूबाबांनी तंबाखू मळून पूर्ण केली. "यंत्राशी बोलायची बंदी नाय," ते म्हणाले.

देवजी चढला. मुंडासं काढायला तयार होईना, कानावरचं यंत्र त्यावरून घसरायला लागलं. शेवटी मी पायरीवर उभा राहून ते हाताने धरून ठेवलं.

"काय बोलू?" त्याने मला विचारलं.

"काहीही. आकडे मोज."

त्याने बटण दाबलं. "लाभ. दोन. तीन." खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, तसंच. बारापर्यंत गेला. पुढून जयरामने हात वर केला: ऐकू आलं. काम झालं होतं. पण देवजीने बटण सोडलं नाही.

"गाडी जुंपली होती," तो म्हणाला, इतक्या हळू की मी त्याच्या तोंडाशी होतो म्हणून मला कळलं. "लडकूबाबांचे बैल, माझी गाडी. शहापूरला न्यायला सापगावच्या उताराला गेलो तं भातसा नदी दोनी थडी भरून, गाडी उतरंना. सांजपर्यंत थांबलो. माज्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं. म्हनली, दादा, बैल सोडा, भिजतात. मी सोडले. परत येऊन बघतो तं..."

त्याने बटण सोडलं.

आता जयरामने बोलायचं होतं, उलट दिशाही तपासायला हवी होती. माझ्या हातातल्या यंत्रातून बारीक आवाज आला. "लाभ. दोन. तीन. चार..." सातावर थांबला. मग पुन्हा लाभपासून.

"ऐकू येतंय," देवजी मला म्हणाला, आणि उतरून बैलांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी जयरामला मागच्या बैठकीत बसून चल म्हटलं, जुहूला काम देतो म्हणाले. चढायच्या आधी जयरामने बांधावर लडकूबाबांपुढे नारळ ठेवला. "मी खोटं बोललो. गाडी जुंपली होती."

लडकूबाबांनी नारळ उचलला आणि तोंड माझ्याकडे करून म्हणाले, "बैठक अमावास्येला हाय. तवर बंदी हायेच."

साहेब अमावास्येपर्यंत थांबणार नव्हते. देवजी चाकांखालचा पेंढा ओढून काढत होता. जयराम त्याच्याजवळून गेला आणि चढला. विमान गेल्यावर देवजीने त्याच दुपारी चाकांच्या खुणांवरून नांगर धरला.

बंदी उठली. पुढच्या वैशाखात चंद्रकलेचं लग्न झालं. जयरामला कामामुळे येता आलं नाही, असं त्याने पत्रात लिहिलं. पत्र माझ्या पत्त्यावर आलं, कारण देवजीला वाचता येत नव्हतं. जुहूला खोली मिळाली होती. दर विमानात तारा तपासताना पुढे कोणीतरी नवा माणूस बसतो, असं लिहिलं होतं. "मी लाभ म्हणतो. साहेब लोक समजतात, यंत्रात काही बिघाड आहे."

देवजीने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "मास्तर, जरा हळू वाचा."