खरं सांगून वाट पाहणाऱ्या रूथबाई

लग्न होऊन मी नेवाशाहून अंबरनाथला आले, तेव्हा इथल्या मंडळीत माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या फाटकाशी घुटमळत होते, तर एका बाईंनी विचारलं, "घरी स्वयंपाक करून आलीस का? नाही ना? मग चल माझ्याकडे." शिवमंदिराजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी त्या दुपारी सुकटीचं कालवण आणि भात जेवले. त्या श्रीमती रूथबाई साळवे. या महिन्यात त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

नोकरीतून निवृत्त झाल्यावरही बाई आमच्या रविवारच्या शाळेत शिकवत राहिल्या. एकदा देवाच्या आज्ञांचा धडा चालू असताना एका मुलीनं विचारलं, "टीचर, आज्ञा पाळली तर देव सायकल देतो?" बाई हसून म्हणाल्या, "मला तरी अजून दिली नाही बाळा."

पुढचा प्रसंग बाईंना विचारूनच लिहीत आहे. "लिही," त्या म्हणाल्या, "पण माझ्या पोराला वाईट ठरवू नकोस."

त्यांचे एकुलते चिरंजीव अनिल यांच्या मोटरसायकलची विठ्ठलवाडीत एका भाजीवाल्याला धडक बसली. भाजीवाल्यांचा पाय मोडला. घाबरलेले अनिल तिथं थांबले नाहीत. घरी येऊन म्हणाले, "आई, कुणी विचारलं तर मी घरीच होतो म्हण." दुसऱ्या दिवशी पोलीस आले. बाई म्हणाल्या, "तो घरी नव्हता. गाडी त्याचीच होती."

केस झाली, अनिलची नोकरी गेली. "एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" एवढं बोलून ते नागपूरला निघून गेले. मग ना फोन, ना निरोप.

बाई मात्र त्या भाजीवाल्यांच्या घरी डबा घेऊन जात राहिल्या. त्यांच्या पत्नीनं एकदा विचारलं, "माताजी, आप क्यूं आती हो?" बाई म्हणाल्या, "मेरे बेटे को आना था. वो नहीं आया, तो मैं आती हूं."

आज्ञा पाळणाऱ्याला आशीर्वाद मिळतो, असं आपण प्रार्थनासभेत म्हणतो. न राहवून मी विचारलं, "बाई, तुमचा आशीर्वाद कुठं आहे?" भाजी निवडता निवडता त्या थांबल्या. "ठाऊक नाही गं. देवापुढं बसते तेव्हा काही लपवावं लागत नाही. पण पोरगा हवाच वाटतो. ताटं मांडताना अजूनही दोनच मांडते मी."

गेल्या नाताळात अनिलचा फोन आला. "अजून जातेस का त्यांच्याकडे?" "जाते." मग त्यांनी विचारलं, "चालतात का ते?"

"काठी घेऊन चालतात," बाई म्हणाल्या. फोन ठेवून त्या थेट माझ्या दारात आल्या. रडत होत्या, हसतही होत्या. "त्यानं विचारलं गं, चालतात का म्हणून! देवानं ऐकलं माझं."

अनिल अजून आलेले नाहीत. गाडीचा आवाज आला की बाई अजूनही खिडकीशी जातात.

परमेश्वर रूथबाईंना उदंड, निरोगी आयुष्य देवो, त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो. आणि अनिलभाऊ, हा लेख तुमच्यापर्यंत पोहोचला, तर यंदा फोन करू नका. घरी या.