न चुकणारा साथीदार

धुम्मभाऊंना कुठंही उभं करा, त्यांचा उजवा पाय काही उभा राहायचा नाही. पिठाच्या गिरणीत पट्ट्याची फटफट सुरू झाली की त्यांची टाच हलायची. बस स्टँडवर गाडी नुसती चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेला, तर इंजिनच्या धडधडीवर पंजा चालायचा. एकदा आम्ही दोघं रामाकोन्याला एका मयतीला गेलो होतो. घरात बायका रडताहेत, अंगणात माणसं खाली मान घालून बसलेली, आणि भाऊंचा पाय सुरू. मी कोपरानं ढोसलं, तर कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, ते आतली बुढी आयका. कशी बराबर ठेक्यावर रडून राहिली!" पुढचा अर्धा तास मी तोंडाला रुमाल लावून बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना फारच लागलेलं दिसतं.

नोकरीच्या सुरुवातीला मी सौंसरला त्यांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो, तेव्हाची ही ओळख. गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. सहा फूट उंची, पंजे सुपाएवढे. बिथरलेला बैल त्यांनी वेसण धरली की गरीब व्हायचा. संगीताशी संबंध म्हणाल तर भजनात टाळ कुटण्यापुरता. पुढं माझी बदली पांढुर्ण्याला झाली, मी नदीपलीकडं सावरगावात घर बांधलं, आणि भाऊ रिटायर झाले. रिटायर माणसाच्या हातात मोबाईल आला की तो एकतर राजकारण बोलायला लागतो नाहीतर औषधं सांगायला. भाऊंनी तिसराच मार्ग धरला.

एका रविवारी त्यांचा फोन आला, "मास्तर, येऊन जा. एक चीज दाखवाची हाय." गेलो. फोनवर कुठल्याशा परदेशातली पाच-सहा माणसं झाडाखाली एकाच माइकभोवती गोळा होऊन गात-वाजवत होती. गिटार, व्हायोलिन, बँजो, मेंडोलिन. भाऊ म्हणाले, "आता सांगा, इथं ढोलक नाई, तबला नाई, ड्रम नाई. मंग हा ठेका येऊन कुठून राहिला?" ते स्वतः आठवडाभर शोधत होते. शेवटी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. सगळ्यांच्या मागं एक माणूस आपल्याहून उंच असं व्हायोलिनसारखं लाकडी धूड उभं धरून त्याच्या तारा नुसत्या बोटांनी ओढत होता. "हा पाहा चोर," भाऊ म्हणाले.

त्या वाद्याला बास म्हणतात आणि त्या संगीताला ब्लूग्रास, हे मी वाचून सांगितलं. "मतलब निळं गवत?" भाऊ म्हणाले. "बाप्पा! असं काही खाऊन बैल आला असता त नळी टाकून पोट मोकळं करा लागलं असतं." हसले खरे, पण मनानं ते तेव्हाच तिकडं गेले होते.

नागपुरात कुठलासा जुना ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, त्यांच्याकडचा बास भाऊंनी हुडकून काढला. संत्र्यांची खोकी पोचवून रिकामा परतणाऱ्या टेम्पोत, तणसावर निजवून, वर गोधडी घालून तो सौंसरला आला. बोरगावला टेम्पो चहासाठी थांबला तर लोक टोप्या काढून बाजूला झाले म्हणे. घरी वहिनींनी दारातच विचारलं, "हे काय आणलं आता? ठेवाचं कुठं?" भाऊ म्हणाले, "पलंगावर. मी खाली झोपतो." आणि ते खरंच महिनाभर खाली झोपले. त्याच महिन्यात, पहाटेपासून घरातून येणाऱ्या आवाजामुळं, गल्लीनं त्यांचं धुम्मभाऊ हे नाव ठेवलं. त्यांना ते इतकं आवडलं की पत्रिकांवरही तेच लिहून यायला लागलं.

शिकवायला फोनमधले एक दाढीवाले गुरुजी होते. डोक्यावर टोपी, पायाशी झोपलेला कुत्रा, आणि तोंडात अशी इंग्रजी की इंग्रजी शिकवणारा मीसुद्धा व्हिडिओ तीन-तीनदा मागं न्यायचो. भाऊ म्हणायचे, "तुमी बोली सांगा, बोटं मी पाहून घेतो." तर बोटं पाहण्यातच पहिली गडबड झाली. भाऊ फोनसमोर उभं राहून गुरुजींची हुबेहूब नक्कल करायचे, आरशात पाहून करावी तशी. त्यामुळं उजव्या हाताचं काम डावा हात करत होता आणि डाव्याचं उजवा. कित्येक दिवस घाम गाळल्यावर हे आमच्या ध्यानात आलं. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. भाऊंनी दाढीचा आरसा भिंतीला टांगला, फोन आरशाकडं तोंड करून टेकवून ठेवला आणि गुरुजींना आरशात पाहायला लागले. "आता बराबर. आता मी चुकलो त गुरुजी चुकले." तेव्हापासून सगळं शिक्षण आरशातून झालं.

त्या जाड तारांनी बोटांना फोड आले. फोड फुटून कातडं सोललं. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. त्यांनी आतून एक डबी आणली, दुभत्या गाईच्या सडाला लावायचं मलम. "याच्यानं गाईचं दुखनं जाते, मी त मानूसच हाय." आणि मलमानं बोटं चोपडून पुन्हा उभे. ही जिद्द पाहून मला माझी लाज वाटायची. मी कॉलेजात असताना सिनेमाची गाणी वाजवण्यापुरतं मेंडोलिन शिकलो होतो आणि ते गेली वीसेक वर्षं कपाटावर धूळ खात होतं.

ते खाली काढायला भाऊंनीच लावलं. या संगीताची वाटणी अशी आहे: चार ठोक्यांतला पहिला आणि तिसरा बासचा, दुसरा आणि चौथा मेंडोलिनचा. बास धुम्म करतो, मेंडोलिनवाला तारा दाबून चट् करतो. धुम्म चट्, धुम्म चट्. भाऊंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला फोनवर जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "मास्तर, मी आधाच हाय! आधा तुमच्यापाशी हाय! या!"

आणि मी जायला लागलो. दर रविवारी सकाळची बस, पांढुर्णा ते सौंसर. उन्हाळा, पाऊस, घरची कामं, बायकोची बोलणी, कशाकशाला मी जुमानलं नाही. पन्नाशीच्या माणसाला आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे ऐकायला किती बरं वाटतं ते पन्नाशीत गेल्याशिवाय कळत नाही. वर्गात मी शिकवलेलं पोरं गाइडमधूनही शिकू शकत होती. पण माझ्या चट्शिवाय भाऊंचा धुम्म लंगडा होता. माझा हात जलद गाण्यांत घसरायचा, मी पुढं पळायचो. भाऊ रागवायचे नाहीत. एखादा ठोका लांबवून मला सांभाळून घ्यायचे आणि म्हणायचे, "या, या, सावकाश या. गाडी थांबवली हाय." ते वाक्य ऐकायला मी मुद्दाम चुकलो असेन, असंही कधीकधी वाटतं.

बासविषयी त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. "बास म्हंजे बंडीचा आस. आस कोनाले दिसत नाई. कोनी आसाची तारीफ करत नाई. पन तो मोडला त बंडी तिथंच बसते." कोणी नवा माणूस आला की त्याला हे ऐकावंच लागे, मग चहा मिळे. आणि माझ्याकडं हात करून ते पुढं जोडायचे, "अन् हे मास्तर माहे जोडीदार." या पाच शब्दांसाठी मी काय केलं नसतं!

एका वर्षी बोर्डाचे पेपर तपासायची ड्यूटी लागली. लागोपाठ काही रविवार जाणं होणार नव्हतं. भाऊंचा सराव पडू नये म्हणून मीच इंटरनेटवर शोधाशोध केली. त्याच दाढीवाल्या गुरुजींचे सरावाचे व्हिडिओ सापडले: सगळी वाद्यं वाजतात, फक्त बास काढून टाकलेला असतो. शिकणाऱ्यानं आपला बास त्यात भरायचा. मी उत्साहानं ते भाऊंना पाठवले आणि लिहिलं, "मी येईपर्यंत यांच्यासोबत वाजवा." आपल्या हातानं सवत घरात आणावी तसं झालं ते.

पेपर संपवून गेलो तेव्हा भाऊ खूष होते. वाजवायला बसलो. दुसऱ्याच फेरीत मी घसरलो आणि सवयीनं त्यांच्या "या, या" ची वाट पाहिली. ते थांबले नाहीत. गाणं तसंच पुढं नेलं आणि संपल्यावर म्हणाले, "थो फोनवाला मेंडोलिन, मास्तर, काय चीज हाय! लोहाराच्या घनासारखा पडते." मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी त्यांनी तासाभरातच वाद्य आडवं केलं. मी गल्लीच्या टोकाशी पोचलो, तर मागं घरातून पुन्हा बास सुरू झालेला ऐकू आला, भरधाव. मी मनाला समजावलं की ते थकले म्हणून लवकर थांबले असतील. थकलेला माणूस असा वाजवत नाही, हे मला कळत होतं.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्हा दोघांचा कार्यक्रम मी ठरवून घेतला. मुख्याध्यापकांच्या मागं लागलो, फळ्यावर रंगीत खडूनं दोघांची नावं स्वतः लिहिली, वर्गावर्गात सांगत सुटलो. बायकोनं कधी नव्हे ते येते म्हटलं. मी दोन महिने रोज संध्याकाळी त्या एका गाण्यावर हात बसवला आणि हात बसला होता, हे मी शपथेवर सांगतो.

भाऊ टेम्पोनं बास घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला तेल. बासबरोबर एक काळा डब्यासारखा स्पीकर होता. मी विचारलं, हा कशाला? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला, तेच तर सांगतोय. "मास्तर, आज मी याच्यासंग वाजवून राहिलो. तुमी समोर बसा, आरामात आयका."

"भाऊ, फळ्यावर नाव आहे माझं."

"अरे म्हनूनच त! तुमचा हात तिसऱ्या फेरीत घसरते. तुमच्याच शाळेत, तुमच्या पोरांसमोर फजिती कायले? हा चुकत नाई."

नावं तर दोघांची पुकारली गेली. भाऊ एकटे वर गेले. मी पहिल्या रांगेत, बायकोच्या शेजारी, मांडीवर पिशवीतलं मेंडोलिन घेऊन बसलो. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरची गावं रीत म्हणून एकमेकांना दगडं मारतात, आणि मी काठावरचाच माणूस आहे. पण तिथं दगड मारणारा समोर उभा असतो आणि आपण त्याला समोरचाच समजतो. खांद्यावर हात ठेवून कोणी मारत नाही.

भाऊ काय वाजवून गेले! ते मला खोटं सांगता येणार नाही. सगळी शाळा पायांनी ताल धरून होती. टाळ्या थांबेनात. माझ्या वर्गातली एक पोरगी मागून वाकून म्हणाली, "सर, तुमी काऊन नाही वाजवलं?" मी म्हटलं, बोटाला लागलंय. बायकोनं माझ्या धडधाकट बोटांकडं पाहिलं.

त्यानंतर मी सौंसरला गेलो नाही. भाऊंचे फोन यायचे, "काऊन नाई येऊन राहिले, मास्तर? नाराज हा का?" मी कधी पाहुणे आले म्हणायचो, कधी कंबर. ते चटकन मानायचे, आणि मला त्याचाही राग यायचा. एकदा तरी त्यांनी म्हणावं, की खोटं बोलता. एकदा तरी त्या दिवसाचं नाव काढावं. नाही. दोन-तीन वर्षांनी वहिनींच्या उपचारासाठी ते मुलाकडं नागपूरला कायमचे गेले. निघताना मला भेटायला सावरगावला आले, चहा प्यायले, तब्येतीचं बोलले. जाताना दारात म्हणाले, "वाजवत राहा बरं मास्तर. हात सोडू नोका." मी मान हलवली. ते गल्लीच्या वळणावरून दिसेनासे झाले तोवर मी दारात उभा होतो आणि मला रडू येत होतं. रागाचं की मायेचं, ते अजून ठरलेलं नाही.

परवा त्यांचा निरोप आला. खाली एक व्हिडिओ आणि वर लिहिलेलं: "मास्तर, लई शोधून काढलं तुमच्यासाठी. याच्यात सगळे हायेत, बास बी हाय. फक्त तुमची जागा मोकळी ठेवली हाय. आता कोनाची गरज नाई. घरबसल्या वाजवा."

मी तो पूर्ण ऐकला. बास वाजवणारा कोण होता कोण जाणे, पण ठोका पक्का होता. बँजो होता, गिटार होती, आणि मधे मधे माझ्यासाठी सोडलेल्या जागा येत होत्या आणि जात होत्या. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी उगाचच त्यांच्या तोंडून एका शब्दाची वाट पाहत होतो. त्यांनी मला दगा दिला, हे त्यांच्या गावीच नव्हतं. मला जे सगळ्यात जास्त लागलं, ते त्यांना इतकं चांगलं वाटलं होतं की तेच त्यांनी माझ्यासाठी शोधून, प्रेमानं पाठवलं होतं. माफ तरी कोणाला करायचं मग?

मेंडोलिन मी कपाटावरून काढलं नाही. फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरं ते लिहिलं: "भाऊ, मला फोनसोबत वाजवायचं नव्हतं. मला तुमच्यासोबत वाजवायचं होतं."

लगेच उत्तर आलं. वर केलेला एक पिवळा अंगठा.