हात न लागलेलं जेवण

अंतराळयानाच्या भिंतीत एक कोनाडा असतो. त्यासमोर उभं राहून पदार्थाचं नाव घ्यायचं, क्षणभर उजेड पडतो आणि वाफाळलेली थाळी हजर. खाऊन झालं की ताट परत तिथंच ठेवायचं, तेही विरून जातं. याला रेप्लिकेटर म्हणतात. अंबाजोगाईच्या आमच्या भाड्याच्या घरात, कानात इअरफोन घालून, अशा यानांच्या इंग्रजी मालिका बघत मी मोठी झाले.

चाहत्यांच्या ग्रुपवर रेप्लिकेटरवरून सारखे वाद होतात. बहुतेकांची तक्रार एकच, त्या जेवणाला हाताची चव नसणार. मी इंग्रजीत दोनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. मला ते यंत्र आवडतं ते त्याचसाठी. त्या जेवणाला कुणाचा हातच लागलेला नसतो. हे कुणाच्या घरचं, असं त्या यानावर कुणी विचारत नाही. एवढं लिहिलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

आम्ही बौद्ध. आई कॉलेजात क्लार्क आहे. समोरच्या काकूंचं किराणा दुकान. काका रोज कपाळाला भस्म लावून दुकान उघडतात. धपाटे केले की काकू डबा पाठवतात. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही ही सगळ्यांचीच रीत, आणि त्यात शिजवलेलं काही घालायचं नाही हा आईचा नियम. साखर, केळी, फार तर शेंगदाणे. कारण आईने कधी सांगितलं नाही. इंग्रजी शाळेत मी झाकणाआड डबा धरून खायचे, तेव्हापासून ते मला माहीतच होतं.

परवा डबा परत द्यायला गेले तर काकूंनी दारातच झाकण उघडलं.

"कावून गं, आजबी साखरच? किराणा दुकान आमचं हाय का तुमचं?"

मी नुसतीच हसले.

"तुमच्यात सैपाक करतेत का न्हाई?"

"करतो ना."

"मग आण की एकदा."

रविवारी मी चुरमुऱ्यांचा सुशीला केला. ते जरा जास्तच भिजले. मी तो आमच्याच डब्यात भरताना आईने पाहिलं.

"नको देऊस," ती म्हणाली. "न्हाई खाल्लं तर? रोज दार समोरासमोर उघडायचंय आपल्याला."

"काकूंनीच मागितलाय."

"मागायला काय जातं."

मी गेले. काकूंनी डबा घेतला, ओट्यावर ठेवला. "खाते मग, आत्ताच च्या झाला." एरवी मी इथूनच पळाले असते. पण मी उभीच राहिले, डब्याकडे बघत.

"आणखी काही काम हाय का?"

"नाही."

तरी हलले नाही. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग परत माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी झाकण काढलं, मूठभर सुशीला घेतला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. सावकाश.

"बग नीट. खायलेय की."

मी मान खाली घातली.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला हवं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि परीक्षेला बसवल्यासारखं त्यांना खायला लावलं होतं. रोज दारात हसून बोलणाऱ्या बाईला. पाच पावलांवरचं आमचं दार मला सापडेना.

आईने विचारलं, "खाल्लं?"

"हो."

"तुझ्यासमोर?"

तिच्या आवाजात इतकी आशा होती की मी पुन्हा हो म्हटलं. कसं ते सांगितलं नाही. ती दिवसभर गुणगुणत होती.

आमचा डबा अजून काकूंकडे आहे. त्या तो रिकामा पाठवणार नाहीत, याची मला खात्री आहे. पण दार वाजलं की मी इअरफोन घालते आणि उघडायला आईला जाऊ देते.